फळी तेवढी परत आली

समस्त वाचकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. काशीक्षेत्री, दुर्गाघाटावरच्या एका घरातील हस्तलिखित पोथी गंगेच्या पात्रात विधिपूर्वक सोडण्यात आली आहे. सदर पोथीची रंगीत छायाचित्रे सुस्थितीत असून तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवलेली आहेत, त्यामुळे कोणीही घाबरून जाऊ नये. सदर कृत्य चोराचे, वाळवीचे अथवा माकडाचे नसून सर्वस्वी प्रस्तुत लेखिकेचे आहे. गैरसोयीबद्दल खेद आहे.

असं बोलायची मला सवय आहे. रेल्वेत माझी अर्धी नोकरी घोषणांच्या खोलीत गेली. गाडी चार तास उशिरा येणार हे अशा आवाजात सांगायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा उशीर आपल्याच भल्यासाठी योजलेला आहे. ही कला मला साधली होती. मग यंत्र आलं. घोषणा ते करू लागलं आणि मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे विचारतील तेवढंच सांगायचं. माझ्यासारख्या बाईला ही काळ्या पाण्याची शिक्षा. म्हणून उरलेला आवाज मी घरी खर्च करते. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी घोषणा होते. काका म्हणायचे, "पोरी, फलाट बदलला असेल तर तेवढं सांग. बाकी राहू दे."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला काका-काकूंनी वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. भाऊ शिकून पुण्याला गेला. मी लग्नाच्या भानगडीत न पडता इथेच राहिले. काका वैदिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं सांगायची, अस्थी सोडवायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. पुढे काचबिंदूने डोळे गेले. उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. तरी काम सुटलं नाही. एक हात भिंतीला लावून गल्लीतून निघायचे आणि घाटाच्या पायऱ्या न चाचपडता उतरायचे. वाटेत कोणाची सायकल आडवी असली तर मात्र तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, तोही शुद्ध बनारसी बोलीत.

घाटावर बसले की मांडीवर पोथी. लांबट, सुटी पानं, शिवण नाही. वर-खाली दोन लाकडी फळ्या, त्यांना गुंडाळलेलं लाल बासन आणि दोरी. आत श्राद्धाचा सगळा क्रम. कशामागून काय करायचं, करताना काय म्हणायचं. काका बासन सोडून पोथी मांडीवर घेत आणि म्हणत म्हणत एकेक पान उचलून उलटं ठेवत, बरोबर जिथे उलटायला हवं तिथे. दिसत तर काहीच नव्हतं. यजमानांना वाटायचं, काय ही भक्ती! मला वाटायचं, काय हे नेपथ्य! मंडळाच्या गणपतीत गेली तीस वर्षं मी नाटकं बसवते. काकांनाही रंगभूमीचं अंग आहे, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. सगळा घोटाळा तिच्यातच आहे.

पोथी जीर्ण झाली की घरातल्या एकाने बसायचं आणि ती नव्या कागदावर उतरायची. नवी पुरी झाली की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पूजा करायची आणि त्याच आठवड्यात जुनी गंगेत सोडायची. ठेवायची नाही. काकांना मी लहानपणी विचारलं होतं, का नाही ठेवायची? ते म्हणाले, "दोन पोथ्या ठेवल्या तर एकीत एक चूक असते, दुसरीत दुसरी. मग भाऊभाऊ त्यावरून भांडतात आणि यजमान उपाशी बसून राहतो."

ही पोथी माझ्या आजोबांच्या हातची. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "जीर्ण पुस्तक पाहून उतरले. जीर्ण गंगार्पण केले." ते ज्या पोथीवरून उतरलं, तिच्याही शेवटी हेच असणार. तिच्या आधीच्याही. म्हणजे मूळ पोथी अशी आमच्या घरात कधी नव्हतीच. प्रत्येक लेक आपल्या आईला गंगेवर पोचवून आलेली.

गेल्या मार्गशीर्षात काकू गेली.

तेराव्याला लोक उठून गेले आणि काकांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "हिचं वर्षश्राद्ध मी सांगणार."

मी म्हटलं, "करणार तर तुम्हीच ना. सांगायला शेजारच्या गुरुजींना बोलवू."

"नाही. करणारही मी आणि सांगणारही मी. जन्मभर लोकांच्या बायकांना पोचवलं. हिला दुसऱ्याच्या तोंडाने पाठवू?"

पुढचं सगळं वर्ष त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. चहा गार दिला तर गार प्यायचे. लोकांची कामं त्यांनी बंद केली. अधूनमधून तेवढं विचारायचे, "तिथीला किती राहिले?" मी रेल्वेच्या आवाजात सांगायची. हसायचे नाहीत, पण मान हलवायचे.

आश्विनात भावाचा फोन आला.

"ताई, पोथीचे फोटो काढून घेऊ या. मागे आलो तेव्हा बघितलं ना, कडा तुटताहेत. अजून थोड्या दिवसांनी हातात भुगा येईल."

"काढते की मोबाइलवर."

"तुझ्या मोबाइलवर नको. त्यात नुसता तुझा अंगठा येतो. मी एका संस्थेशी बोललोय, त्यांचं माणूस घरी येतं."

माणूस म्हणजे पंचविशीची मुलगी निघाली. कॅमेरा, उभा दांडा, दोन दिवे, काळं कापड आणि कुंचल्यासारखा मऊ ब्रश. तीन दुपारी ती आमच्या माजघरात मांडी घालून बसली. पान हातात घ्यायची ते तान्ह्या मुलाला घ्यावं तसं. मला ती फार आवडली असती, पण पहिल्याच वाक्यात तिने मला "आंटी" म्हटलं, आणि आमचे संबंध बिघडले.

दुसऱ्या दुपारी एक पान तिने दिव्यापाशी धरलं. मधोमध मोठा पारदर्शक डाग होता. काका कोपऱ्यात बसले होते. तिने विचारलं, "बाबा, ये दाग़ किस चीज़ का है?"

"इधर दो." काकांनी पान हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला. "घी."

"आपको दिखता है?"

"घी कोई देखने की चीज़ है?"

मुलगी खुलली. तिने एकेक पान त्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली. हे पाणी पिऊन फुगलेलं, तर्पणाचं. हे उदबत्तीने कोपरा जळलेलं, संकल्पाचं. हे उंदराने कुरतडलेलं. हे फाटलं होतं, आजोबांनी खळ लावून मागून चिकटवलं, म्हणून जाड. एकही चुकलं नाही. तुपाच्या पानाची गोष्टही त्यांनी तिला सांगितली. ब्राह्मणांना वाढायची वेळ होती, काकू तूप घेऊन वाकली आणि धार पोथीवर पडली. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाली, तुपाने पोथी बाटत नाही, उलट मऊ राहते. गोष्ट सांगून झाल्यावरही पान काकांच्या हातातच होतं. मुलीने ते हळूच काढून घेतलं.

मी टाळ्या वाजवल्या. पुढे आठवडाभर शेजारणींना हा प्रवेश करून दाखवला, डोळे मिटून, अंगठा फिरवत. "घी कोई देखने की चीज़ है?" या वाक्याला हमखास हशा यायचा.

म्हणजे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. मी पाहिलं, टाळ्या दिल्या, नक्कलही केली. कळलं मात्र काही नाही.

जाताना ती मुलगी उंबऱ्यात थांबली. "आंटी, ओरिजिनल सँभालकर रखिएगा. फ़ोटो हो गया, इसका मतलब ये नहीं कि इसकी ज़रूरत नहीं रही." आणि तिने एक छापील कागद दिला. कोरड्या जागी ठेवा, सुती कापडात बांधा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, अधूनमधून हवा द्या. मी तिला निरोप दिला, कागद फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्या कोऱ्या बाजूला भाजीवाल्याचा नंबर लिहिला.

दिवाळीत भाऊ आला तो टॅबलेट घेऊन. त्यात सगळी पोथी. खरंच सुरेख काम होतं. दोन बोटांनी ताणलं की आजोबांचं अक्षर वितभर व्हायचं. त्यांनी हरताळाचा पिवळा लेप लावून खोडलेलं सुद्धा खालून दिसायचं. तूपही दिसायचं, सोन्याच्या ठिपक्यासारखं.

"शिवाय क्लाउडवर आहे," भाऊ म्हणाला. "जगबुडी झाली तरी राहील."

आणि माझ्या डोक्यात ती रीत जागी झाली. नवी प्रत घरात आली. दोघं भावंडं एकत्र आहेत. कार्तिक चालू आहे. मला डोळ्यांसमोर होडी दिसू लागली, झेंडूच्या माळा दिसू लागल्या, आणि खरं सांगते, मध्यभागी उभी असलेली मी दिसू लागले.

काकांना सांगितलं, "नवी पोथी झाली. मग जुनीचं काय ते करून टाकू."

काका म्हणाले, "फोटो म्हणजे उतरणं झालं का गं?"

"अक्षर न् अक्षर आहे. आजोबांची खाडाखोडसुद्धा."

"मग रीत तर तीच आहे. हिचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग बघू."

"तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे."

"ते आहेच," काका म्हणाले. त्यांना ते लागलंच. "पोथी मांडीवर असते ती सवय म्हणून."

"मग झालं तर! हा सोमवारी जाणार. पुन्हा दोघं कधी एकत्र असू?"

"बघा बाबा," ते म्हणाले.

'बघा बाबा' याचा अर्थ काय होतो ते सांभाळलेल्या मुलांना बरोबर कळतं. तरी आम्ही तो होकार धरला.

काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला असते; तिच्या दोन दिवस आधी, सकाळी आम्ही निघालो. घाटांवर पणत्यांच्या ओळींसाठी खडूने रेघा आखून ठेवल्या होत्या. पोथी मी कोऱ्या लाल बासनात बांधली होती आणि बुडावी म्हणून खाली फुटक्या पाट्याचा तुकडा आवळला होता. काकांनी घरातच तिला नमस्कार केला. बासनाची गाठ चाचपून म्हणाले, "ही कोणी मारली? सुटेल." मी म्हटलं, नाही सुटणार.

मधल्या धारेत होडी थांबली. मी उभी राहिले. भावाने मोबाइल वर धरला. मी माझ्या सर्वोत्तम आवाजात घोषणा केली, की ही पोथी आपला प्रवास पूर्ण करून अंतिम स्थानकावर येत आहे. शेजारच्या होडीतले मद्रासी यात्रेकरू हात जोडून उभे राहिले. यश मिळालं की मला कळतं.

होडी चालवणारा मल्लाह मात्र बासनाकडे बघत होता. "ई डूबी ना, दीदी. लकड़ी हौ."

"भैया, पत्थर बँधा है."

"पत्थर डूबी. लकड़ी ना डूबी."

तसंच झालं. पोथी पाण्यात पडली, दगड गाठीतून निसटून एकटाच तळाला गेला आणि बासन फुग्यासारखं वर आलं. मग ते उघडलं. पानं एकेक करून बाहेर सरकली आणि पाण्यावर उताणी पसरली, जेवायला पत्रावळी मांडाव्यात तशी. घरगुती काजळाची शाई. बघता बघता अक्षरं सुटू लागली. एका पानाभोवती पाणी करडं झालं, मग दुसऱ्याभोवती. ओळच्या ओळ पुलाच्या दिशेने निघाली. भाऊ चित्रण करायचं विसरला होता. मी अजून उभीच होते.

एक फळी दूर गेली. दुसरी वल्ह्याने ओढून मल्लाहाने माझ्या पायापाशी टाकली. "ले जा, दीदी. पीढ़ा बन जाई." बसायला पाट होईल म्हणे.

घरी येऊन ती काकांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवला. "एकच?"

"दुसरी गेली."

"गाठ सुटली ना?"

त्यांनी फळी पंच्याने पुसली आणि मांडीवर घेतली.

भाऊ सोमवारी गेला. मंगळवारपासून काकांनी वर्षश्राद्धाची उजळणी सुरू केली. रोज सकाळी स्नान झालं की फळी मांडीवर घेऊन बसायचे. संकल्प उत्तम. ब्राह्मणांना आमंत्रण, पाय धुणं, अर्घ्य, सगळं धबधब्यासारखं. मग एका ठिकाणी आवाज थांबायचा. उजवा हात फळीवरून सरकायचा, काठापर्यंत जायचा, परत यायचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

पहिले दोन दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि म्हटलं, वय झालं. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले. बोटं फळीवर काहीतरी शोधत होती. अंगठा त्याच चालीने फिरत होता, ज्याची मी शेजारणींना नक्कल करून दाखवली होती.

काकांना श्राद्ध पाठ होतंच. मंत्र तोंडात होते. पण कशानंतर काय, हे बोटांत होतं. फुगलेलं पान लागलं की तर्पण, खळीचं जाड पान आलं की त्याच्या पुढचं, तूप लागलं की वाढणं. गेली किती वर्षं ते हाताने वाचत होते, आणि हे आम्हालाच काय, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं, ही सवय आहे.

"पोरी," ते म्हणाले. मी आलेली त्यांना कळली होती. "गेलं गं माझं. डोळे गेले तेव्हा एवढं वाटलं नव्हतं."

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. काका, तुमचं काही गेलेलं नाही, मी नेऊन टाकलं. मी म्हटलं, "चहा घ्या."

मग मी प्रयत्न सुरू केले. टॅबलेट घेऊन समोर बसले आणि वाचायला लागले. जुन्या चालीचं अक्षर, शब्द एकमेकांना चिकटलेले. माझ्या तोंडी त्या मंत्रांची मालगाडी झाली. काका दोन ओळी ऐकत, दुरुस्त करत, मग हात वर करत. "तू नको वाचूस. मग ते तुझं होतं. मला हिला माझ्या तोंडाने पाठवायचंय."

बरं, वाचत नाही, नुसता शब्द देते. नाटकात आयुष्य गेलंय, विंगेतून शब्द कसा द्यावा हे मला शिकवायला नको. शब्द दिला की काका उचलायचे, चार ओळी सुंदर म्हणायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा उभे राहायचे, गल्लीत अनोळखी भिंत लागावी तसे. चेहरा माझ्याकडे वळवायचे. मी पुढचा शब्द शोधेपर्यंत टॅबलेटचा पडदा काळा व्हायचा. तो पुन्हा उजळवून पान सापडेपर्यंत काकांचा श्वास निघून गेलेला असायचा.

एकदा मी त्या कॅमेऱ्याच्या मुलीला फोन केला. काय विचारणार होते कोण जाणे. ती आनंदाने म्हणाली, "बाबा कैसे हैं? ओरिजिनल ठीक से रखा है न, आंटी?"

"हाँ हाँ, बिलकुल," मी म्हटलं. चौकशीच्या खिडकीतून इतक्या सफाईने मी कधी खोटं बोलले नव्हते.

फोन ठेवल्यावर तिचा तो कागद वाचला, भाजीवाल्याच्या नंबरासकट. मग आजोबांचा विचार आला. एक पोथी उतरायला त्यांना अख्खा चातुर्मास लागला होता. काका तेव्हा लहान, दौत धरून शेजारी बसायचे. आजोबा प्रत्येक ओळ आधी मोठ्याने म्हणत, मग लिहीत. पावसाळा संपेपर्यंत जुनी पोथी कागदावरून निघून बाप-लेकांच्या अंगात गेली होती. मग तिला पाण्यात सोडलं तर काय बिघडलं? आमच्याकडे तीन दुपारी झाल्या, आणि कोणी तोंडाने एक ओळ म्हटली नाही. रीत मी तंतोतंत पाळली होती, फक्त तिचा शेवटचा भाग तेवढा.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. भावाला सुट्टी मिळाली नाही. जेवायला शेजारचे गुरुजी आणि त्यांचे एक मित्र येणार होते. गुरुजी काकांकडेच शिकलेले. मी त्यांना आदल्या दिवशी गाठून सांगून ठेवलं होतं की काका अडले तर सांभाळून घ्या. "चिंता मत कीजिए, ताई," असं अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलून त्यांनी मला धीर दिला.

आणि आता, या गोष्टीत पुढे काय होणार याची आशा कोणी धरून बसू नये म्हणून आत्ताच सांगून टाकते. त्या दिवशी उरलेलं श्राद्ध गुरुजींनी सांगितलं. नीट, स्पष्ट, एकही चूक न करता. काकूचे पिंड काकांनीच दिले, पण शब्द गुरुजींचे होते. काका आहेत. खातात, झोपतात, उन्हात बसतात. मी घोषणा केली तर "फलाट बदलला का" असं आता विचारत नाहीत. फळी कोनाड्यात आहे. रद्द झालेल्या गाडीची सूचना वेळेत देणं हे माझं काम, म्हणून दिली. आता जे राहिलं ते एवढंच.

सकाळी मला एक युक्ती सुचली होती. मांडीवर काहीतरी वजन असावं, पोथीसारखं. मी टॅबलेट फळीवर ठेवला, घट्ट बांधला, पडदा मधेच काळा होऊ नये अशी तजवीज केली आणि तुपाचं पान काढून ठेवलं. बांधताना गाठ काकांच्या पद्धतीने मारली. काकांना म्हटलं, "पोथी आहे, काका. नवी."

त्यांनी पंचा सावरला, दर्भ बोटात घातला आणि सुरुवात केली.

काय सांगू तुम्हाला! त्यांचा आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता. संकल्पात काकूचं नाव आलं तिथे जराही अडखळले नाहीत. गुरुजींनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हटलं, अरे वा! पाय धुऊन झाले, अर्घ्य झालं, मंडपात टाळ्यांच्या आधी पसरते तशी शांतता पसरली. मी पानं वाढायला घेतली. भात, वरण, काकू करायची तशी आमसुलाची चटणी. तुपाची वाटी हातात घेऊन वाकले.

काकांचा उजवा हात मांडीवर उतरला. अंगठा काचेवर टेकला आणि फिरू लागला. काचेत पान सरकलं, दुसरं आलं. त्यांना कळलं नाही. अंगठा पुढे गेला. तिसरं आलं, चौथं आलं, मोठं झालं, लहान झालं. ते कडेपर्यंत गेले, खालच्या कोपऱ्यात जळकी जागा शोधली, वर येऊन खळीची जाडी शोधली. माझ्या हातातलं तूप थेंबथेंब जमिनीवर पडत होतं. मी हळूच शब्द दिला. त्यांनी ऐकला नाही. मी पुन्हा दिला.

काकांनी दोन्ही तळहात काचेवर सपाट ठेवले, वर्षभर ज्याची वाट पाहिली त्या दिवसाच्या ऐन मध्यावर, जेवायला बसलेल्या ब्राह्मणांसमोर. मान माझ्याकडे वळवली आणि श्राद्धात बोलू नये हे आयुष्यभर लोकांना बजावणारे काका मोठ्याने म्हणाले, "अगं पोरी, हे तर सगळं एकच पान आहे!"